कांदेबाग लावण्याआधी कापणीचा आठवडा ठरवा

ऑक्टोबर लागला. रावेर, यावल, चोपड्याकडे कांदेबागाची, म्हणजे या दिवसांत लावायच्या केळीची, रोपं शेतात उतरायला लागली, आणि भेटेल तो एकच विचारतो, "भाऊ, पुढच्या वर्षी भाव काय राहील?" ते कोणीच सांगू शकत नाही. पण आपला माल कोणत्या आठवड्यात कापणीला येणार, हे तरी आपल्याला सांगता येतं का?

मृगबाग आपण सगळेच जून-जुलैत लावतो, म्हणून पुढल्या मे-जूनात नवती, म्हणजे नव्या बागेचा माल, सगळ्यांची एकदमच निघते. बाजारात आंबा, पारा चव्वेचाळीसवर, आणि तयार घड काही झाडावर थांबत नाही. बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला हे आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. कांदेबाग नवरात्र-दिवाळीच्या मागणीच्या आसपास येतो, तेवढं बरं. तरी सगळं रान एका दिवशी लावू नका. तीन एकर असेल तर एक आता, दुसरा पंधरवड्याने, आणि तिसरा आगाप मृगासाठी मेपर्यंत मोकळा ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र लागवड लांबवू नका, रोपं थंडीत बसून राहतात.

खरी अडचण वेगळीच आहे. आखातात आणि उत्तर हिंदुस्थानात केळीला रमजानात उठाव असतो, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2020 मध्ये तो एप्रिल-मेमध्ये होता, आपल्याला सोयीचा. 2026 मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, पुढे जानेवारीकडे सरकणार. म्हणजे मागणी आपल्या थंडीत शिरली आहे. तेव्हा विकायचा घड नोव्हेंबरच्या आत निसवलेला, म्हणजे झाडातून बाहेर पडलेला, हवा आणि तो भरणार डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा तापीकाठी पारा दहाच्या खाली उतरतो. निर्यातीच्या कंटेनरमध्ये केळी 13 अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून गार झालं तर सालीखालचा चीक गोठतो आणि पिकल्यावर रंग मळकट येतो. कंटेनरमध्ये जपायची ती साल आपण शेतातच उघडी टाकतो!

मीही टाकली होती. एका वर्षी पिशव्यांचा खर्च वाचवला. घड वजनाला चांगले भरले, पण सालीवर पानं घासल्याचे डाग आणि थंडीचा काळपटपणा. निर्यातीला म्हणून ठरलेला माल वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेला, शेवटी चिप्सवाल्याने उचलला. वाचवलेले पैसे किती आणि गेलेले किती, हा हिशेब मी घरात कोणाला सांगितला नाही.

तर हिवाळ्यात भरणाऱ्या घडांसाठी एवढं करा. शेवटची फणी उघडली की केळफूल मोडा, आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढून टाका. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, 100 ग्रॅम युरिया आणि स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणून घालतात ते द्रावण) घालून घडावर फवारा. मग 2 ते 6 टक्के छिद्रं असलेली पिशवी चढवा. ठिबक पहाटे चालवा, कडाक्याच्या रात्री बांधावर ओला काडीकचरा धुमसू द्या. उत्तर-पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताची वारा अडवणारी वाड नसेल तर या सगळ्याचा उपयोग निम्माच होतो.

आणि फिती बांधा. निसवणीच्या प्रत्येक आठवड्याला वेगळ्या रंगाची फीत. हे काम फुकटचं वाटतं, म्हणून कोणी करत नाही. पण उन्हाळ्यात घड साधारण तीन-सव्वातीन महिन्यांत, थंडीत चार महिन्यांच्या आसपास तयार होतो. फिती मोजल्या की "लाल फितीचे चारशे घड अमुक आठवड्यात" असं तुम्ही महिनाभर आधी सांगू शकता. कंटेनर भरणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, आणि अशा शेतकऱ्याशी तो बुऱ्हाणपूर-रावेरच्या जाहीर भावाच्या वर बोलायला तयार होतो. 2021 मध्ये तांदलवाडीतून भौगोलिक मानांकनाची केळी दुबईला गेली, ती असाच एकसारखा माल जमवून.

रोपं घेताना स्वस्तावर जाऊ नका. मागे कुकुंबर मोझॅकने, आपल्याकडचा हरण्या रोग, बागा उपटाव्या लागल्या होत्या. बागेशेजारी काकडी, भोपळा, मिरची, चवळी नको, हा रोग पसरवणारा मावा तिथूनच येतो. पिवळ्या रेषांचं रोप दिसलं की उपटून लांब पुरायचं, दया दाखवायची नाही.

खोडव्याबद्दल, म्हणजे कापणीनंतर त्याच झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाबद्दल, फार लिहीत नाही. अशा पिलबागाचा माल लहान-मोठा निघतो, तो देशी बाजारालाच ठेवा.

फळपीक विम्यात केळीला कमी तापमानाचं संरक्षण मिळतं. विमा भरण्याची मुदत साधारण ऑक्टोबरअखेर संपते, तेव्हा तारीख सेवा केंद्रावर विचारून घ्या आणि ई-पीक पाहणीत केळीची नोंद झाली आहे का, ते त्याच दिवशी बघून या.