लान्झारोते: माळकरी नानांना घेऊन काळ्या राखेच्या बेटावर

लान्झारोतेला उतरल्यावर पहिली काळजी घ्यायची ती गाडीच्या दाराची. चेष्टा नाही. या बेटावर ईशान्येचा वारा जवळजवळ बारा महिने असतो. भाड्याच्या गाडीचं दार बेसावधपणे उघडलंत तर तो ते हातातून हिसकावतो आणि पार पुढे वाकवतो. आमचं पहिल्याच दुपारी फामाराच्या किनाऱ्यावर वाकलं. गाडी देणाऱ्यांनी करारातली एक बारीक ओळ दाखवली, वाऱ्याने झालेलं नुकसान विम्यात नाही, आणि पैसे घेतले. तेव्हा गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरा आणि करार आधी वाचा.

आम्ही चौघं होतो. मी आणि नवरा इंग्लंडात रेडिंगला राहतो. आई-नाना दिंडोरी तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. खरड छाटणी उरकून, बाग धाकट्या काकांवर सोपवून नाना मेच्या शेवटी आले होते. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूचा थेंब नाही. अशा माणसाला वाईनच्या बेटावर कशाला न्यायचं, असं आईने विचारलंच होतं.

आधी व्हिसा. बेट स्पेनचं आहे, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा चालत नाही. आई-वडिलांना भारतातून बोलावून पुढे इकडे न्यायचं असेल तर त्यांचा शेंगेन व्हिसा ते निघायच्या आधी तिकडूनच काढा. ब्रिटनला पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज ब्रिटनमध्येच घेतील या भरवशावर राहू नका. लंडनहून विमान सव्वाचार तासांच्या आसपास घेतं. नकाशात पाहिलंत तर स्पेन दूर राहतो आणि आफ्रिकेचा किनारा सव्वाशे किलोमीटरवर दिसतो. घड्याळ लंडनचंच, माद्रिदच्या एक तास मागे. गाडी उजव्या बाजूने चालवायची. भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणा. गाडी नको असेल तर बस आहेत, त्यांना इथे ‘गुआगुआ’ म्हणतात, पण मळ्यांकडे त्या फारशा उपयोगाच्या नाहीत.

राहायला दक्षिण टोकाचं प्लाया ब्लांका घ्या. तिथे वारा त्यातल्या त्यात कमी. जवळच पापागायोच्या छोट्या छोट्या खाड्या आहेत, पिवळी वाळू, हिरवं-निळं पाणी, तिन्ही बाजूंनी कडे. कच्च्या रस्त्याने जावं लागतं आणि गाडीमागे थोडे पैसे घेतात. तिथे एकही झाड नाही, तेव्हा पाणी आणि छत्री बरोबर न्या आणि सकाळी लवकर पोचा. फामारा दिसायला सगळ्यात देखणा, पण तिथली ओढ जबरदस्त आहे. तो सर्फिंगवाल्यांना सोडा, वयस्कर माणसांना पाण्यात उतरवू नका. मासे बघत पोहायचं असेल तर पुएर्तो देल कार्मेनची प्लाया चिका. एक लक्षात ठेवा, वाऱ्यामुळे ऊन लागत नाही. म्हणजे लागतं, पण कळत नाही. नानांनी उभा जन्म उन्हात काढला, तरी दुसऱ्या दिवशी त्यांची मान सोललेली होती.

आता ला हेरिया, म्हणजे बेटावरचा द्राक्षमळ्यांचा भाग. बेटावर एकच दिवस असेल तरी तो इथे घालवा.

१ सप्टेंबर १७३० च्या रात्री या बेटाची जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत ज्वालामुखी धुमसत राहिले. याइसा गावच्या पाद्र्याने लिहून ठेवलेली रोजनिशी आहे, म्हणून आपल्याला तारीखही माहीत आहे. गावं गेली, धान्याची चांगली शेतं काळ्या राखेखाली गेली. राख म्हणजे चुलीतली नव्हे, बारीक खडी म्हणा. तिला इथे ‘पिकोन’ म्हणतात. लोकांनी पुढे काय केलं, तर ती खडी उपसून खालच्या जुन्या मातीपर्यंत खड्डे नेले. काही खड्डे दहा फूट खोल आहेत. प्रत्येकात एक, फार तर दोन वेली, आणि वाऱ्याच्या अंगाला कमरेपेक्षा कमी उंचीची दगडांची चंद्रकोर, चुना-सिमेंट काही नाही. रस्ता आहे एलझेड-३०. दोन्ही बाजूंनी काळा डोंगरउतार आणि त्यावर अशी हजारो हिरवी टिंबं.

नाना गाडीतून उतरले, बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, हे आळं आहे.”

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. मांडव कुठाय? ठिबक कुठाय? तारा नाहीत, अँगल नाहीत, वेल जमिनीवर लोळतेय. एका बोदेगाच्या, म्हणजे वाईन बनवणाऱ्या मळ्याच्या, अंगणात एक कामगार खड्ड्याच्या कडेची घसरलेली खडी वर ओढत होता. नानांनी हातानेच विचारलं, येऊ का. त्यानेही हातानेच बोलावलं. (न विचारता कुणाच्या खड्ड्यात उतरू नका. पाय पडला की खडी घसरते आणि ती परत चढवायला माणूस लागतो.) नाना उकिडवे बसले, वरची खडी चार बोटं बाजूला केली आणि माझा हात धरून आत घातला. वर चटके बसत होते, आत गार आणि ओलं. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जमिनीत, जूनच्या दुपारी बारा वाजता. रात्रीचं दव ही सच्छिद्र खडी पिऊन घेते आणि दिवसा झाकणासारखी बसून खालचं पाणी उडू देत नाही. नाना म्हणाले, “मल्चिंग. आपण प्लास्टिकला पैसे मोजतो.”

त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते मुळांचं. आमच्याकडे डॉगरिज नावाच्या दुसऱ्या वेलीचा खुंट लावून त्यावर कलम करतात. इथे वेल स्वतःच्याच मुळावर उभी. एकोणिसाव्या शतकात मुळांवर हल्ला करून युरोपभरच्या बागा खाणारी फायलॉक्सेराची कीड या बेटापर्यंत आलीच नव्हती. यंत्र या खड्ड्यांत शिरत नाही, त्यामुळे छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हाताने. नाना मनातल्या मनात मजुरीचा हिशोब करत होते, ते मला चेहऱ्यावरून कळत होतं. बाटलीची किंमत बघून मी कुरकुरले तेव्हा तेच म्हणाले, “स्वस्तच देतायत.”

मुख्य वाण माल्वासिया वोल्कानिका, पांढरी वाईन. बोदेगात गेलात की ‘सेको’ म्हणजे कोरडी, ‘सेमिदुल्से’ म्हणजे थोडी गोड, ‘दुल्से’ म्हणजे पुरती गोड, एवढे तीन शब्द पुरतात. १७७५ पासून चालू असलेली एल ग्रिफो इथली सगळ्यात जुनी बोदेगा, तिथे संग्रहालयही आहे. द्राक्षं पिळायचे जुने लाकडी दाब बघायला नानांना तासभर लागला, तसा वेळ हाताशी ठेवा. चव घ्यायची असेल तर गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा. आमच्याकडे नवऱ्याने चालवली आणि वासावर भागवलं.

तिमानफाया राष्ट्रीय उद्यानाला सकाळी उघडताच जा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत तास जातो. आत पायी भटकता येत नाही, त्यांच्याच बसमधून चौदा किलोमीटरचा फेरा होतो. ज्वालामुखीची ही जमीन आतून अजून तापलेली आहे. तिथला कर्मचारी खड्ड्यात वाळकी झुडपं टाकतो आणि ती आपोआप पेटतात. नळीत बादलीभर पाणी ओततो आणि वाफेचा फवारा उडतो. एल दियाब्लो हॉटेलात याच उष्णतेवर कोंबड्या भाजतात. आईने नाकाला पदर लावला. दगड खिशात घालायचा नाही, मनाई आहे.

खाण्याचं आमच्यासारख्यांनी असं करावं. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, मांस नको, मासे नकोत, दोन्ही म्हणा. नुसतं पहिलं म्हटलंत तर सॅलडवर ट्यूना येतो, आणि तो आला. डाळीच्या सूपमध्येही मांसाचे तुकडे असू शकतात. बिनधोक म्हणजे ‘पापास अरुगादास’, मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले सुरकुतलेले बटाटे, सोबत लाल किंवा हिरवं ‘मोहो’, म्हणजे इथली पातळ चटणी. हिरवं मोहो कोथिंबिरीचं असेल तर घरची आठवण येते. बकरीच्या दुधाचं भाजलेलं चीज नानांनी दोनदा मागवलं. आणि ‘गोफियो’: भाजलेल्या धान्याचं पीठ. आईने चिमूटभर तोंडात टाकलं आणि जाहीर केलं, हे सातूचं पीठ आहे. मग दुकानातून किलोभर घेतलं आणि रोज सकाळी दूध-साखरेत कालवलं. हॉटेलात मात्र गोफियो माशाच्या रश्शात कालवून देतात, विचारून घ्या.

उरलेल्या वेळात हामेओस देल आग्वा बघा. लाव्हाच्या बोगद्यात चित्रकार सेझार मानरिके यांनी घडवलेली जागा. आतल्या खाऱ्या तळ्यात पांढरे, आंधळे, नखाएवढे खेकडे आहेत. तळ्यात नाणी टाकू नका, धातूने ते मरतात. आईचा हात पर्समध्ये गेला होता, मी धरला. संध्याकाळी हानुबियोची मिठागरं. एल गोल्फोचं हिरवं तळं फोटोपुरतं ठीक.

जूनमध्ये जाण्याचा एक तोटा सांगते. वेली हिरव्यागार दिसतात, पण मणी कच्चे असतात. तोडणी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. शेवटच्या दिवशी बाटल्या मोठ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून भरल्या, हातातल्या बॅगेत त्या चालत नाहीत. आईला सेमिदुल्से आवडली होती, दोन घोट घेतल्याचं गावी सांगायचं नाही या अटीवर. नानांना विचारलं, तुम्हाला काय न्यायचं?

“द्राक्षं असती तर खाल्ली असती,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी ऑगस्टचं तिकीट काढ.”