लाव्हीच्या तळव्याची गाठ चाकू न लावता घरी कशी बरी करावी

पाळलेली लाव्ही (क्वेल पक्षी) एक पाय पोटाशी घेऊन उभी राहू लागली, दाणे टाकल्यावर सगळ्यांच्या मागून लंगडत येऊ लागली, की तिला हातात घेऊन तळवा बघा. तळवा लाल, चकचकीत, ताणलेला दिसेल किंवा मधोमध काळपट खपली आणि भोवती सूज असेल, तर तो बंबलफूट. बारीकशा जखमेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. खपली लहान असेल आणि पक्षी नीट खातपीत असेल, तर हे घरी बरं होतं. सूज तळव्यावरून वर पायात चढली असेल, बोट काळं पडलं असेल, पाय टेकवतच नसेल किंवा खाणं सुटलं असेल, तर पुढचं न वाचता पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आधी एक खात्री करा. पावसाळ्यात ओला भुसा आणि विष्ठा बोटांभोवती सुकून दगडासारखे गोळे होतात आणि नवखे लोक त्यालाच गाठ समजतात. तो गोळा ओढून काढू नका, सोबत नखही निघून येतं. कोमट पाण्यात भिजवा आणि मऊ होईल तसा चिमटीत थोडा थोडा चुरत जा. हे टाळून चालत नाही, कारण गोळा आवळत गेला की बोटाचा रक्तपुरवठा तुटतो.

आता खरी गाठ. ती दाबू नका, टोकरू नका, ब्लेड लावू नका. ‘पिळून पू काढा’ हा सल्ला माणसाच्या गळवाचा आहे, पक्ष्याला तो लागू होत नाही. पक्ष्याचा पू पातळ नसतो, तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. दाबल्यावर तो बाहेर येत नाही, उलट संसर्ग खोल जातो, आणि दीडदोनशे ग्रॅमच्या पक्ष्याच्या तळव्यात त्वचेपासून हाड फार लांब नसतं.

हातमोजे घाला. लाव्हीला जुन्या सुती कापडात गुंडाळा, डोळे झाका, छाती मोकळी ठेवा. छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे एप्सम सॉल्ट घालून फक्त पंजे दहा-पंधरा मिनिटं बुडवा, आणि ते पाणी तिला पिऊ देऊ नका. याने खपली मऊ होते. आपणहून सुटली तर सुटू द्या. मग पाय टिपून कोरडा करा आणि बीटाडीनचं द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते नवी त्वचा जाळतं. हळद-तेलही नको: तेल पिसांना लागतं आणि हळदीच्या रंगाखाली लाली दिसत नाही. घरात पडलेली खाजेची ट्यूब तर अजिबात नको. तिच्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि पक्ष्यांना कातडीवरून शोषलेलं स्टेरॉइडही घातक ठरतं.

इथवर कुणालाही जमतं. अडतं ते पट्टीपाशी, आणि गाठ बरी होते ती मुख्यतः पट्टीमुळेच. पायाखालचा दाब हटत नाही तोवर तुम्ही कितीही औषध लावा, प्रत्येक पावलागणिक जखम पुन्हा चेंगरते.

माझी पहिली पट्टी दिसायला अगदी नीटनेटकी होती. स्वतःला चिकटणारी लवचिक पट्टी मी ताणून, घट्ट गुंडाळली, कारण लाव्ही ती चोचीने काढेल याची भीती होती. सकाळी मधलं बोट जांभळं, थंडगार. आठवड्याभरात ते बोट गळून पडलं. जंतूंनी नव्हे, मी ते घालवलं. म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

गॉझच्या तीन-चार घड्या करून तळव्याएवढा गोल तुकडा कापा आणि मधोमध खपलीपेक्षा थोडं मोठं भोक पाडा. ही गादी. जखम भोकात यायला हवी, म्हणजे वजन कडेच्या गॉझवर पडतं आणि जखम अधांतरी राहते. जखमेवरच कापसाचा बोळा ठेवून बांधलं, तर दाब होता तिथेच राहतो. ही चूक मी सर्वात जास्त वेळा पाहिली आहे.

लवचिक पट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंदीची फीत कापा. आधी ती पूर्ण उलगडून सैल पडू द्या, मगच वापरा. तळव्याखालून सुरुवात, पुढच्या दोन बोटांच्या मधून वर, पायाभोवती एक वेढा, मग दुसऱ्या फटीतून खाली, असा इंग्रजी आठ. मागचं बोट मोकळं ठेवा. फीत ओढायची नाही, नुसती टेकवत न्यायची. बोटांची टोकं आणि नखं उघडीच हवीत, कारण तीच तुम्हाला खबर देतात. तासाभराने पाहा, झोपण्यापूर्वी पुन्हा पाहा. टोक सुजलं, गडद झालं किंवा दुसऱ्या पायापेक्षा थंड लागलं, तर पट्टी त्याच क्षणी कापा. सुरुवातीला लाव्ही पाय झटकत, उंच उचलत चालते, त्याने घाबरू नका.

पहिले चार-पाच दिवस रोज, नंतर दिवसाआड हेच. दोन-तीन आठवडे धरून चाला. पाच-सहा दिवसांत सूज तसूभरही कमी झाली नाही, तर डॉक्टरांकडे जा. दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात अँटिबायोटिक मिसळू नका. डॉक्टरांनी दिलंच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून घ्या. दुसरा पायही रोज बघा, सगळा भार आता त्याच्यावर आहे.

आणि जाळीचा तळ आजच बदला. तारेवर उभ्या असलेल्या लाव्हीचा तळवा बरा होत नाही. कोरड्या वाळूचा किंवा भुशाचा जाड थर द्या, पाण्याचं भांडं सांडणार नाही अशा जागी ठेवा आणि ओली झालेली जागा रोज संध्याकाळी काढून टाका.