वीरगळ, गधेगळ, बारव: वारसा-छायाचित्रांच्या दालनासाठी टॅग आणि फिल्टर

वीरगळ म्हणजे वीराचा स्मृतिदगड, गधेगळ म्हणजे गाढव कोरलेला शापाचा दगड, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. अशा संग्रहासाठी फिल्टरचा आराखडा स्क्रीनवर नाही, वहीत सुरू करा. संग्रहातली शंभरेक छायाचित्रं समोर घ्या आणि माणसं ती कोणत्या शब्दांत शोधतील ते लिहून काढा: ‘साताऱ्यातल्या बारवा’, ‘लेख कोरलेले गधेगळ’, ‘जलदुर्गांचे दरवाजे’. अशा चाळीस-पन्नास प्रश्नांतून गट आपोआप दिसतात. बहुतेक वेळा पाच पुरतात: प्रकार, ठिकाण, काळ, दगड वा साहित्य, आणि चित्रात काय दिसतं.

टॅग ठरलेल्या यादीतूनच निवडायचा, हाताने टाइप करू द्यायचा नाही. तसं केलं नाही तर वीरगळ, विरगळ आणि वीरगळी असे तीन टॅग तयार होतात आणि छायाचित्रं तिघांत विखुरतात. प्रत्येक टॅगला एक क्रमांक, एक दिसणारं नाव आणि हवी तितकी पर्यायी नावं द्या. शोध सगळ्या नावांवर चालावा, पण दिसावं एकच.

ठिकाणात सर्वांत जास्त घोळ होतो. ‘रायगड’ हा किल्ला आहे आणि जिल्हाही, ‘सिंधुदुर्ग’चं तेच. दोन्हींचे क्रमांक वेगळे ठेवा. नोंद तालुक्याची करा, जिल्हा त्यावरून काढा. २०१४ मध्ये पालघर ठाण्यातून वेगळा झाला. ज्यांनी वसईच्या किल्ल्याला थेट ‘ठाणे’ लिहिलं होतं त्यांना एकेक नोंद दुरुस्त करावी लागते, ‘वसई तालुका’ लिहिणाऱ्यांना यादीत एकच बदल. उस्मानाबाद आणि अहमदनगर ही जुनी नावं धाराशिव, अहिल्यानगरची पर्यायी नावं म्हणून जपा. जुने ग्रंथ वाचून येणारा तेच टाइप करतो.

काळ शब्दात नको, दोन आकड्यांत ठेवा: सुरुवातीचं वर्ष आणि शेवटचं. तेरावं शतक निवडलं की ज्यांचा काळ त्याला कुठेही छेदतो ती सारी छायाचित्रं यावीत. ‘हेमाडपंती’ काळाच्या गटात घालू नका. ते शैलीचं नाव आहे, आणि कुठल्याही जुन्या दगडी देवळाला ते सरसकट चिकटवलं जातं. फोटो काढल्याची तारीख हा वेगळाच रकाना.

आता निवडीचा नियम. एकाच गटातले दोन टॅग ‘किंवा’ने जोडा, वेगवेगळे गट ‘आणि’ने: बारव किंवा कुंड, आणि सातारा. अपवाद ‘चित्रात काय दिसतं’ या गटाचा. गधेगळावर चंद्र-सूर्य, लेख आणि खाली गाढवाचं शिल्प एकत्र असू शकतं. चंद्र-सूर्य आणि लेख निवडणाऱ्याला दोन्ही असलेलाच दगड हवा असतो. तिथे ‘आणि’च लावा.

प्रत्येक टॅगपुढे संख्या दाखवा. ‘किंवा’च्या गटात ती मोजताना इतर गटांतली निवड धरा, त्याच गटातली वगळा. हे चुकलं की ‘बारव’ निवडताच ‘कुंड’पुढे शून्य येतं आणि संग्रहात कुंडच नाही असं वाटतं. खरोखर शून्य असलेला पर्याय फिका करा, गायब नको. यादी हलली की बोट भलत्यावर पडतं. निवड पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, उतरवा, म्हणजे दुवा पाठवता येतो.

देवनागरीचा एक छुपा दोष: ‘पायऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, ऱ वापरून किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखा, संगणकाला वेगळा. एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झाला तर तो एकसारखा करणारं यूनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण हे दोन्ही एक करत नाही. शोधाआधी स्वतः बदलून घ्या. क्रमवारीला मराठी लोकॅल (भाषेनुसार वर्णक्रम ठरवणारी सेटिंग) द्या, नाहीतर ळ जाऊन ल आणि व यांच्यामध्ये बसतो.

उघड्यावर पडलेले वीरगळ आणि सुट्या मूर्ती यांचं ठिकाण तालुक्यापर्यंतच दाखवा, आणि फोटो चढवताना फाइलमधले जीपीएस आकडे काढून टाका. मूर्ती चोरीला जातात.