लोहगावच्या आवाजाखाली: हवाई दलाचा ताफा शिकताना धरलेली एक वही

पुण्यात लोहगावच्या हवाई तळाभोवती, धानोरी, टिंगरेनगर, विमाननगर इथं राहणाऱ्याला सुखोई या लढाऊ विमानाची ओळख करून द्यावी लागत नाही. बोलणं अर्ध्यावर थांबतं, खिडकीची काच थरथरते, आवाज विरतो आणि वाक्य थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू होतं. मी धानोरीत वाढलो. त्यामुळे हवाई दलाच्या विमानांबद्दल आपल्याला बरंच कळतं, असं मला बारावीपासून वाटायचं. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, पहिल्याच मुलाखतीत तो समज गेला.

समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, पुण्याचे आहात, तर सुखोई-३० आपल्याकडे किती आहेत? मी लगेच २७२ सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तेवढी मागवली होती. आज किती आहेत? आणि त्यातली नाशिकला किती बनली?" मला एकही उत्तर देता आलं नाही. त्या वेळी माझी निवड झाली नाही. ती एवढ्याच उत्तरामुळे हुकली असं मी म्हणणार नाही, पण घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे दोनशे पानी आडवी वही आणली. आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एनडीए, एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी प्रवेश परीक्षा) किंवा संरक्षणशास्त्राच्या एमएची तयारी करणारी मुलं ताफ्याबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी ती वही दाखवतो.

वहीत प्रत्येक विमानाला एक पान. पानावर रकाने: मागवली, मिळाली, गमावली, सध्या कुठल्या कामाला, जागा कोण घेणार. आणि प्रत्येक आकड्याच्या खाली पेन्सिलीनं तारीख. तारीख नसलेला आकडा मी वहीत ठेवत नाही. तो कितीही पाठ असला तरी.

सुखोईचं पान उदाहरणादाखल घेऊ, कारण ते आपल्या गावचं आहे. सुखोई-३० एमकेआय हवाई दलात आलं ते २००२ साली, इथंच, लोहगावला. एकूण २७२ मागवली, त्यांतली २२२ एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या) नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात तयार झाली. गमावलेल्यांच्या रकान्यात पुण्याची एक नोंद आहे: १४ ऑक्टोबर २०१४, थेऊरजवळ विमान पडलं, दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. अशा अपघातांमुळेच २७२ हा आकडा आजचा नाही. ती तूट भरून काढायला डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचा करार झाला, सुमारे १३,५०० कोटींचा. माझ्या मुलाखतीच्या प्रश्नाचं खरं उत्तर या तीन ओळींत होतं. राष्ट्रपती असताना कलामसाहेबांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये याच धावपट्टीवरून सुखोईतून उड्डाण केलं, हेही मी समासात लिहून ठेवलंय. परीक्षेसाठी नाही, पुणेकर म्हणून.

पुण्याहून विमानानं जायचा योग आला तर खिडकीची जागा घ्या. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, नागरी विमानतळ त्याच्याच धावपट्टीवर चालतो. आपलं विमान थांबलेलं असताना समोर सुखोई उतरलं, तर शेपटीच्या टोकाकडून ब्रेकचं पॅराशूट बाहेर पडताना दिसतं. ते आधी लोंबतं, मग एकदम हवा भरून फुगतं आणि एवढं मोठं धूड बघता बघता संथ होतं. मागे दोन उभी शेपटं, पंखांच्या पुढं दोन छोटे पंख. एकदा असं बघितलं की चित्रातलं राफेल आणि सुखोई यांत गोंधळ होत नाही: राफेललाही पुढं छोटे पंख आहेत, पण उभं शेपूट एकच. फोटो मात्र काढायचा नाही. तळावर मनाई आहेच, आणि कुठलं विमान किती वाजता उडालं, त्यावर कुठला क्रमांक होता, हे लिहून कुठंही टाकायचं नाही. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा आजही लागू आहे. ज्याला हवाई दलात जायचंय त्यानं तर ही शिस्त आजपासूनच अंगी लावून घ्यावी. अभ्यासाला लागतं ते सगळं उघड कागदांत मिळतं: संसदेतली लेखी उत्तरं, संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल, पत्र सूचना कार्यालयाची पत्रकं.

आता स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकड्यांचा, हिशेब. इथं नवखा विद्यार्थी हमखास अडखळतो. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२. मिग-२१ १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला, त्यासोबत शेवटच्या दोन स्क्वाड्रन गेल्या आणि आकडा २९ वर आला. या २९ मध्ये मालवाहू विमानं नाहीत, हेलिकॉप्टरही नाहीत. एका स्क्वाड्रनला ढोबळमानानं १८ विमानं धरली, तर १३ स्क्वाड्रनची तूट म्हणजे २३४ विमानं. दुसरीकडे देशी बनावटीचं तेजस मार्क-१ए मागवलंय ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ९७, मिळून १८०. म्हणजे दहा स्क्वाड्रन. ही सगळी वेळेत आली तरी तूट पूर्ण भरत नाही. आणि तोवर जग्वार, मिराज-२०००, मिग-२९ म्हातारी होत चाललीत. जग्वार १९७९ चं, मिराज १९८५ चं. मिग-२९ १९८७ साली आलं, तेही लोहगावलाच. मुलांना मी ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर स्वतः करायला लावतो. हातानं केली की ताफा का खालावला, हे वेगळं समजावावं लागत नाही.

तेजसची विमानं उशिरा का, हेही पानावर हवं. त्याचं एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीकडून येतं. ९९ इंजिनांचा करार २०२१ चा, पहिलं इंजिन हाती आलं मार्च २०२५ मध्ये. विमानाचा सांगाडा तयार आणि इंजिनाची वाट बघणं सुरू, अशी ती स्थिती होती. ओझरला तेजसची नवी उत्पादन ओळ सुरू झाली आणि तिथल्या पहिल्या विमानानं ऑक्टोबर २०२५ मध्ये उड्डाण केलं, ही आपल्या राज्यासाठी मोठी गोष्ट आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्यांनी तिकडं लक्ष ठेवावं.

येणाऱ्या विमानांची पानं मी वेगळ्या रंगाच्या पेननं लिहितो, कारण 'येणार' या शब्दाचे अनेक अर्थ असतात. आधी संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते, मग निविदा, चाचण्या, किमतीची बोलणी, मंत्रिमंडळाच्या समितीची मंजुरी, करार, आणि त्यानंतर काही वर्षांनी पहिलं विमान. बातमीत पहिल्या पायरीलाच 'विमानं मिळणार' असं येतं. याचा सगळ्यात चांगला धडा राफेलचा. २००७ मध्ये निविदा निघाली १२६ विमानांची, २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं, आणि २०१६ मध्ये करार झाला तो ३६ चा. पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. २०१२ साली कुणी वहीत १२६ लिहिलं असतं तर? एएमसीए या पाचव्या पिढीच्या विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ती नमुना विमानं बनवण्यासाठी. ते पान आज जवळपास कोरं आहे आणि कोरंच असायला हवं.

लढाऊ विमानांच्या नादात बाकीची पानं रिकामी सोडू नका. मुलाखतीत सी-१७ ही मालवाहू विमानं किती असं विचारलं तर ११ सांगता येतं, पण लडाखमधल्या उंच धावपट्टीवर अवजड सामान न्यायला ते का लागतं, हे विचारलं की मुलं गप्प होतात. जुन्या ॲव्हरो मालवाहू विमानांच्या जागी येणारं सी-२९५ एकूण ५६, त्यांतली १६ स्पेनमधून आली आणि ४० वडोदऱ्यात टाटा बनवणार. हेलिकॉप्टरांत चिनूक १५, अपाचे २२. मार्च २०२५ मध्ये मागवलेली 'प्रचंड' नावाची हेलिकॉप्टरं १५६, पण त्यांतली हवाई दलाची ६६ आणि लष्कराची ९०. ही वाटणी न बघता सगळी हवाई दलाच्या खात्यात घालणारे खूप आहेत. राफेलचंही तसंच: एप्रिल २०२५ मध्ये करार झालेली २६ नौदलाची आहेत.

माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं पान हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचं. आयएल-७८, संख्या सहा, तळ आग्रा. एवढ्या मोठ्या ताफ्यामागं फक्त सहा, आणि तीही २००३ पासूनची. गेल्या महिन्यात एका मुलीनं ते पान बघून विचारलं, "दादा, यांची जागा कोण घेणार, तो रकाना रिकामा का?" मी तिला संसदेतली जुनी उत्तरं काढायला सांगितली आहेत. या विमानांसाठी निविदा निघाल्या आणि रद्द झाल्या, त्याची साल-तारीखवार नोंद ती सध्या करतेय.