‘बाइना’ कशी वापरावी

कोलंबियातलं बोगोटा, व्हेनेझुएलातलं काराकास किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकातलं सांतो दोमिंगो, यांच्या रस्त्यावर स्पॅनिश कानावर पडू लागलं की थोड्याच वेळात ‘बाइना’ (vaina) ऐकू येते. शब्दकोश उघडावा तर मूळ अर्थ निघतो शेंग किंवा तलवारीचं म्यान. समोरचा माणूस मात्र मोबाइलच्या चार्जरबद्दल बोलत असतो. स्पेनच्या वळणाची पुस्तकं वाचून स्पॅनिश शिकलेले बहुतेक जण इथे अडखळतात.

हा शब्द एकटा पाठ करायचाच नाही. मराठी शिकणाऱ्याला ‘वाट म्हणजे रस्ता’ एवढंच सांगितलं, तर ‘वाट बघ’, ‘वाट लागली’ आणि ‘वाट लावली’ यांचं तो काय करणार? बाइनाचंही तसंच आहे. तिच्या आधी येणारे छोटे शब्द अर्थ ठरवतात, म्हणून ती जोडीनेच शिकायची.

आधी उच्चार. ‘वैना’ म्हणू नका, मराठी ‘ऐ’ इथे आखूड पडतो. आवाज ‘बाइ-ना’ असा, दोन तुकड्यांत, जोर पहिल्यावर. वाक्याच्या सुरुवातीला आणि अनुनासिकानंतर स्पष्ट ‘ब’ येतो. स्वरानंतर, म्हणजे ‘ला बाइना’ किंवा ‘ऊना बाइना’ म्हणताना, ओठ पुरते मिटत नाहीत आणि आवाज ब आणि व यांच्या मधे राहतो. आपल्या ‘व’ची सवय इथे उपयोगी पडते. शब्द स्त्रीलिंगी आहे: ‘एसा बाइना’, म्हणजे ‘ती वस्तू’. ‘एसे’ लावलंत तर चुकलंत.

सुरुवात वस्तूपासून करा, कारण तिथे चुकायला फारसा वाव नाही. नाव आठवत नाही, हात अडकलेले आहेत, तेव्हा ‘पासामे एसा बाइना’ म्हणजे ‘ते हे दे जरा’. बोलणारा बोट दाखवेलच असं नाही. या भागात ओठ पुढे काढून दिशा दाखवायची पद्धत आहे, म्हणून तोंडाकडे लक्ष ठेवा.

दुसरा अर्थ कटकटीचा. ‘के बाइना!’ म्हणजे ‘काय वैताग आहे!’ किंवा ‘अरेरे!’ यातलं कोणतं, ते सूर सांगतो. बस चुकली तर पहिला शब्द तोडून, जोरात. कुणी आजारी असल्याचं कळलं तर हळू, ‘बाइ’ लांबवून. मधे आर्टिकल घालायचं नाही. ‘के ला बाइना’ असं कुणी म्हणत नाही.

हे वाक्य जवळून बघा: ‘एसा बाइना से दान्यो, के बाइना, आय के कोंप्रार ओत्रा बाइना.’ शेगडीचं बटण हातात आलं की असं तोंडून निघतं. पहिली बाइना म्हणजे बटण, दुसरी म्हणजे वैताग, तिसरी म्हणजे नवं काहीतरी, जे आता विकत आणावं लागणार. एका श्वासात तीन अर्थ, आणि ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही.

खरी काळजी ‘एचार’ (टाकणे) या क्रियापदाबरोबर घ्यावी लागते. व्हेनेझुएलात ‘ते एस्तॉय एचान्दो बाइना’ म्हणजे ‘तुझी गंमत करतोय रे’. पण ‘मे एचो ऊना बाइना’ म्हणजे ‘त्याने माझा घात केला’. अर्थ फिरतो तो ‘ऊना’मुळे. नवशिक्याला वाटतं की आर्टिकल घातलं तर वाक्य नीटस होईल, आणि मित्राच्या थट्टेचा आरोप होऊन बसतो. तिथल्याच बोलीत ‘दे बाइना येगे’ म्हणजे ‘कसाबसा पोचलो’, आणि ‘नी दे बाइना’ म्हणजे ‘काही झालं तरी नाही’. हे दोन्ही आधी नुसते ओळखायला शिका, वापरायची घाई नको.

अडचणीत सापडलेला माणूस ‘एस्तॉय एम्बाइनादो’ म्हणतो. कोलंबियात बोलता बोलता मारलेल्या टोमण्याला ‘बाइनासो’ म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे, एकदा कळला की संभाषणातले अर्धे टोले दिसू लागतात.

कुठे वापरू नये? मुलाखतीत, कार्यालयीन पत्रात, पहिल्याच भेटीत वडीलधाऱ्यांशी. ही शिवी नव्हे, पण घरच्या कपड्यांतला शब्द आहे. पुण्यात बसून कोलंबियातल्या ग्राहकांशी बोलणाऱ्यांनी तो समजून घ्यावा आणि उत्तर ‘कोसा’ (वस्तू, गोष्ट) किंवा ‘आसुन्तो’ (बाब) वापरून द्यावं. सर्वांत वाईट चूक जेवणाच्या टेबलावर होते. यजमानीणबाईंनी केलेल्या पदार्थाकडे बघून ‘के एस एसा बाइना?’ विचारलंत, तर ते ‘हे काय असलं?’ असं ऐकू जातं. तिथे ‘के एस एस्तो?’ पुरे. कुणाच्या कामाला, कुणाच्या देवघरालाही बाइना म्हणू नका.

स्पेनमध्ये हा बोलीतला पसारा चालत नाही. तिथे ‘उन बाइना’, पुल्लिंगी आर्टिकल लावून, म्हणजे बिनकामाचा माणूस. उत्तरेकडे, बास्क प्रांतात आणि नाबार्रात, ‘बाइनास’ म्हणजे सरळ शेंगांची भाजी.

शेंगेचा अर्थ खुद्द लॅटिन अमेरिकेतही जिवंत आहे. व्हॅनिलाचं स्पॅनिश नाव ‘बाइनीया’, म्हणजे छोटी शेंग. काराकासच्या किंवा लिमाच्या मंडईत ‘मेदियो कीलो दे बाइनीतास’ मागितलं की अर्धा किलो फरसबी मिळते, कुणी हसत नाही. बोगोटात मात्र फरसबीसाठी ‘आबिच्वेला’ म्हणा, आणि तोच शब्द सांतो दोमिंगोत घेऊन जाऊ नका, तिथे हातात राजम्यासारखे दाणे पडतील.