जुन्या देवळाच्या जांभ्याच्या भिंतीत चुन्याने दरजा भरताना

संगमेश्वरजवळच्या कसब्याच्या कर्णेश्वरासारखी काळ्या दगडाची देवळं सोडली, तर कोकणातलं गावदेऊळ बहुधा जांभ्याचं. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. दरजांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या (जांभ्याच्या घडीव दगडांमधल्या) सांध्यांत, सिमेंट भरलं की ती वाट बंद होते, ओल चिऱ्यातून बाहेर पडते आणि चिराच भुगा होऊन गळतो. सिमेंटची रेघ मात्र ठणठणीत उभी! म्हणून आधी सिमेंट काढा, पण छिन्नी-हातोडीने. ग्राइंडर चिऱ्याची कड खातो.

पाऊस संपल्यावर भिंत सुकू द्या. काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. दरज रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, धूळ झाडा, पाणी मारा. कोरड्या चिऱ्यात चुना धरतच नाही.

मिश्रण: भिजवून मुरवलेला चुना 1 घमेलं, सुरखी (विटांची भुकटी) 1, चाळलेली नदीची रेती 2. किनाऱ्यावरची रेती फुकट मिळते, पण तिच्यातल्या मिठाने लोणा (भिंतीवर फुटणारा खार) लागतो. पाणी बेताचंच, पातळ चुना सुकताना तडकतो.

खोल दरज एका दमात भरू नका, बोटभर जाडीचे थर द्या. वर ओलं गोणपाट टांगून आठवडाभर शिंपडत राहा. रंग हवाच असेल तर चुन्याची सफेदी, ऑइलपेंट नको.