इतिहासातले अजब किस्से सांगताय? आधी या चुका टाळा

गाजलेल्या लढाईबद्दल काही चुकीचं बोललात तर चारजण लगेच कान पकडतात. अडगळीत पडलेल्या प्रसंगांचं तसं नाही. ऐकणाऱ्याला मूळ ठाऊकच नसतं, त्यामुळे तिखटमीठ लावलेली गोष्ट बिनबोभाट पुढे सरकते.

सर्रास होणारी चूक म्हणजे निमित्तालाच कारण समजणं. १९६९ चं मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि होंडुरास या शेजारी देशांमधलं ‘फुटबॉल युद्ध’ घ्या. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जूनमध्ये दोघांचे तीन सामने झाले, प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या आणि १४ जुलैला साल्वादोरने हल्ला चढवला. एवढ्यावर थांबलात तर ऐकणारा म्हणणारच, ‘एका चेंडूपायी युद्ध!’ खरं दुखणं जमिनीचं होतं. साल्वादोर चिमुकला आणि दाटीवाटीचा. होंडुरास त्याच्या पाचपट मोठा, पण वस्ती विरळ. सुमारे तीन लाख साल्वादोरी माणसं पोटासाठी सीमेपलीकडे जाऊन राहिली होती. होंडुरासने १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्याचा बडगा उगारून त्यांना हुसकावायला सुरुवात केली आणि माणसांचे लोंढे माघारी येऊ लागले. सामन्यांनी काडी लावली, सरपण आधीच रचलेलं होतं.

लढाई जेमतेम शंभर तासांची, पण हजारो माणसं मेली आणि त्यात साधे नागरिकच जास्त. शांतता करार व्हायला १९८० उजाडलं, सीमेचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ मध्ये निकाली काढला. अजब तपशीलच हवा असेल तर तो आकाशात सापडेल. दोन्हीकडची लढाऊ विमानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पंख्याची होती. १७ जुलैला होंडुरासच्या फर्नांदो सोतो या वैमानिकाने तीन विमानं पाडली. पंख्याच्या लढाऊ विमानांची आपसातली ही शेवटची झुंज मानली जाते. मला विचाराल तर फुटबॉलपेक्षा हे कितीतरी रंजक आहे.

म्हणून किस्सा हाती आला की त्याचं गमतीदार नाव बाजूला ठेवा आणि आधीच्या दहा वर्षांत तिथे काय शिजत होतं ते पाहा.

आकड्यांच्या बाबतीतही सावध राहा. ऑस्ट्रेलियात १९३२ मध्ये पिकं तुडवणाऱ्या एमू पक्ष्यांवर सैन्य धाडलं गेलं. मेजर मेरेडिथ, दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या. अहवालात दावा काय, तर ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी मारले. बरोब्बर दहा गोळ्यांना एक! पळत्या पक्ष्यांवर झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब इतका चोख जमत नसतो, तरी हा आकडा जसाच्या तसा उतरवला जातो. वर ‘एमू जिंकले’ म्हणून टाळ्या. मदत मागणारे शेतकरी होते कोण, ते कुणी सांगत नाही. त्यांच्यात पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक बरेच होते. सरकारने त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियात कमी पावसाच्या भागात जमिनी दिल्या आणि मंदीत गव्हाचे भाव कोसळले. पक्ष्यामागे बक्षीस द्यायची सरकारची जुनी पद्धत पुढेही चालू राहिली आणि १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसं वाटली गेली. हा आकडा पाहिला तर एमू जिंकले असं म्हणवत नाही.

तिसरी खोड म्हणजे हशा पिकला की थांबणं. २७ ऑगस्ट १८९६ चं ब्रिटन आणि पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचं युद्ध ३८ ते ४५ मिनिटांत आटोपलं, जगातलं सगळ्यात छोटं युद्ध, झालं. पण त्या तोफमाऱ्यात झांझिबारचे सुमारे ५०० लोक मारले गेले किंवा जखमी झाले. ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी झाला. सुलतानाच्या गादीवर बसलेला खालिद बिन बर्गाश जर्मन वकिलातीत शिरला आणि ब्रिटिश त्याला पकडायला बाहेर टपून राहिले. भरतीची वेळ साधून जर्मन नौकेची होडी थेट वकिलातीच्या आवारापर्यंत आणली गेली, त्यामुळे झांझिबारच्या जमिनीवर पाऊल न टाकताच तो निसटला. १९१६ मध्ये तो ब्रिटिशांच्या हाती लागलाच. १९२७ मध्ये मोंबासात वारला.

‘३३५ वर्षं चाललेलं’ नेदरलँड्स आणि इंग्लंडजवळच्या सिली बेटांचं युद्ध मात्र सरळ सोडून द्या. १६५१ मध्ये युद्धाची रीतसर घोषणा झाल्याचा धड पुरावा नाही. १९८६ चा शांतता करार ही दोन्हीकडच्या लोकांनी हौसेने केलेली गंमत होती.

शेवटची तपासणी किश्श्याच्या वयाची. १७८८ मध्ये करानसेबेशला (हे गाव आज रोमानियात आहे) ऑस्ट्रियाचं सैन्य रात्री दारूवरून आपसातच लढलं आणि दहा हजार माणसं गमावून बसलं, असं सांगतात. गोंधळ झाला हे खरं. सम्राट दुसरा जोसेफ तिथेच होता. सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, तंबू, भांडीकुंडी आणि तीन तोफा गेल्या, असं त्याने पत्रात लिहिलं. दहा हजारांचा उल्लेख त्यात नाही. दारूसकट सगळी रसभरीत कथा छापून आली ती अनेक दशकांनंतर. असा किस्सा टाकून द्यायची गरज नाही. आधी पत्रातला मजकूर सांगा, मग ‘पुढे अशी कथा पसरली’ म्हणून उरलेलं खुशाल रंगवा.